मी शिकवत नाही, हे खरं आहे

उभ्या नोकरीत मला एकच मेमो मिळाला. त्यात लिहिलं होतं, ‘आपण ऑनलाइन तासाला शिकवत नसल्याची पालकांची तक्रार आहे. तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.’ मी तीन दिवस थांबले नाही. त्याच दुपारी खुलासा दिला, एका ओळीचा. ‘तक्रार खरी आहे.’

त्या ओळीबद्दल अजूनही माझ्या ओळखीचे लोक मला समजावतात. साळवेबाई, निवृत्तीला थोडे दिवस राहिले होते, जरा गोड बोलून घ्यायचं होतं. मला नाही वाटत तसं. आज पुन्हा मेमो आला तरी मी तेच लिहीन.

मी नर्सिंगची शिक्षिका. आमच्याकडे आम्हाला ट्यूटर म्हणतात. आधी बरीच वर्षं वॉर्डात स्टाफ नर्स होते, नंतर नगरमधल्या एका ट्रस्टच्या नर्सिंग शाळेत आले. जिल्ह्याचं नाव आता बदललं आहे, पण माझ्या तोंडात नगरच येतं, तेवढं चालवून घ्या.

बाहेरच्या माणसाला वाटतं, नर्स म्हणजे डॉक्टर सांगतील ते इंजेक्शन देणारी बाई. पण डॉक्टर पेशंटपाशी पाच मिनिटं असतात. उरलेला दिवस नर्स असते. पेशंटचा चेहरा सकाळी कसा होता आणि दुपारी कसा झाला, हे तिलाच दिसतं. त्यामुळे तिचं अर्धं काम बघण्याचं आणि विचारण्याचं. आता गंमत पाहा. ज्या कामात विचारायचं असतं, ते आम्ही मुलींना शिकवतो डिक्टेशन देऊन. बाई सांगतात, मुली लिहून घेतात, परीक्षेत तेच उतरवतात. मीही तशीच शिकले आणि त्याची किंमत एका माणसाला मोजावी लागता लागता राहिली.

मी नुकतीच नोकरीला लागले होते. ओपीडीत इंजेक्शनच्या टेबलावर उभी होते. राहुरीकडचे एक गृहस्थ पायाची जखम घेऊन आले होते. केसपेपरवर पेनिसिलिन होतं. हे इंजेक्शन देण्याआधी पूर्वी त्याचा त्रास झाला होता का, हे विचारायचं असतं, असं मी पाठ केलं होतं. परीक्षेत त्याचे गुणही मिळवले होते. पण रांग मोठी होती आणि सीनियर सिस्टर मागून म्हणाल्या, “अगं, टोच लवकर. काय बघत बसलीस?” मी टोचलं. दोन मिनिटांत त्यांच्या अंगावर गांधी उठल्या, श्वास अडकला, ते बाकावरून खाली घसरले. भूलतज्ज्ञ डॉक्टर नेमके व्हरांड्यातून चालले होते म्हणून ते गृहस्थ वाचले. त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं. नंतर त्यांची बायको मला म्हणाली, “मागल्या बारीला बी असंच झालं हुतं, बाई.” ती रागावली नव्हती. तिला वाटलं, आम्हाला ते माहीत असणार.

ते मी कुणाला फारसं सांगितलं नाही. मुलींना तर कधीच नाही. शिक्षिका झाल्यावर मीही डिक्टेशनच देत राहिले, कारण तशीच रीत होती आणि अभ्यासक्रम पुरा व्हायचा असे.

मग टाळेबंदी आली. होस्टेल रिकामं झालं, मुली गावोगाव गेल्या. कुणी पाथर्डीला, कुणी जामखेडला, कुणी थेट अकोले तालुक्यातल्या डोंगरात. आम्हाला हुकूम झाला की वेळापत्रकाप्रमाणे मोबाईलवरून तास घ्यायचे. मी जेवणाच्या टेबलावर पुस्तकांचा ढीग करून त्यावर मोबाईल टेकवला आणि स्लाइड वाचू लागले. समोर काळे चौकोन. प्रत्येकात मुलीचं नाव, चेहरा नाही. कॅमेरा लावला तर डेटा संपतो, म्हणून सगळ्यांनी बंद ठेवलेले. तास संपला की चौकोनांतून ‘येस मॅडम’, ‘थँक्यू मॅडम’ असे मेसेज येत.

एके दिवशी मी औषधांच्या मात्रांचा धडा घेत होते. वाचताना माझी ओळ चुकली आणि एका औषधाची मात्रा मी दसपट सांगितली. सांगितली आणि पुढे गेले. ‘कळलं का?’ विचारलं. सगळ्या चौकोनांतून ‘येस मॅडम’. संध्याकाळी पुढच्या तासाची तयारी करताना ती चूक माझ्या लक्षात आली. मी वह्यांचे फोटो मागवले. आलेल्या एकूणएक वहीत ती मात्रा सुंदर अक्षरात लिहिलेली होती. दोघींनी तर लाल पेनाने चौकट केली होती.

मी त्या फोटोंकडे बराच वेळ बघत बसले. राग मुलींचा नव्हता. मी त्यांना कित्येक महिने हेच शिकवलं होतं की बाई सांगतील ते लिहा. उद्या वॉर्डात कुणी चुकीची मात्रा लिहिली तर यातली एकही मुलगी थांबून विचारणार नव्हती. राहुरीचे गृहस्थ डोळ्यांसमोर आले. त्या दिवशी मी ठरवलं, आता स्लाइड वाचायच्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी व्हॉट्सअ‍ॅपवर वर्गाचा नवा गट केला आणि आवाजात एक निरोप टाकला. त्यात मी म्हणाले, “मुलींनो, आजपासून मी बाई नाही. मी पेशंट. माझं नाव सखूबाई. मला आठवा महिना लागलाय आणि मला बरं वाटत नाही. तुम्ही नर्स आहात. विचारा.”

दिवसभर कुणी काही विचारलं नाही. संध्याकाळी एकीनं धीर करून लिहिलं, “मॅडम, पेशंटचं बीपी किती?”

मी सखूबाईच्या आवाजात उत्तर दिलं, “मला काय म्हाईत, बाई? ते तुमी बघायचं.”

तिथे पहिल्यांदा गटात हसण्याचे चेहरे उमटले. मग प्रश्न सुरू झाले. पण मुलींना सवय नव्हती. त्या विचारत, “मॅडम, हा कुठला आजार आहे?” मी म्हणे, “सखूबाईला आजाराचं नाव माहीत नाही. तिला काय होतंय ते विचारा.” जेवढं विचारलं तेवढंच सांगायचं, हा माझा नियम. डोकं दुखतं का, असं कुणी विचारलं नाही, तर सखूबाईचं दुखणारं डोकं गुलदस्त्यातच राहायचं. तीन-चार दिवस चौकशी चाले. मग मुलींनी सखूबाईला काय झालंय आणि आता काय करायचं ते ठरवायचं, आणि हे कुठून कळलं तेही लिहायचं. पुस्तकातून, गावातल्या आरोग्यसेविकेकडून, आशाताईंकडून, घरातल्या बाईकडून, कुठूनही. फक्त माझ्याकडून नाही.

मुली चिडल्या. एकीनं लिहिलं, “मॅडम, प्लीज उत्तर सांगून टाका ना, जर्नल पूर्ण करायचंय.” मी सांगितलं नाही.

पाथर्डी तालुक्यातली कोमल या वर्गात होती. अंगानं बारीक, आवाज मोठा. तिचे आईवडील दर वर्षी ऊसतोडीला जात. तिनं गटात एक प्रश्न टाकला. “मॅडम, गरोदर बाईच्या पायाला सूज आली की बीपीचा धोका, असं पुस्तकात हाय. पण आमच्याकडं तोडीवरच्या बायांचे पाय रोजच सुजत्यात. दिवसभर उभं ऱ्हाऊन, मोळ्या वाहून. मग कामाची सूज कंची आन् रोगाची कंची, हे कसं वळखायचं?”

मला उत्तर येत नव्हतं. इतकी वर्षं हा धडा शिकवून मला हा प्रश्न पडला नव्हता. मी गटात तसं लिहिलं, “मला माहीत नाही. शोधू या.” एखाद्या ट्यूटरनं असं लिहिणं हे आमच्याकडे जवळजवळ गुन्ह्यासारखं. पण त्या आठवड्यात वर्ग जागा झाला. कुणी आपल्या आत्याला विचारलं, कुणी उपकेंद्रातल्या सिस्टरला. पारनेरकडच्या एका मुलीला तिच्या आजीनं सांगितलं, कामाची सूज आराम केला की उतरते. पण सकाळी झोपून उठल्यावर तोंड सुजलेलं असलं आणि हातातल्या काचेच्या बांगड्या रुतत असल्या, तर बाईला दवाखान्यात न्यावं. मी माझ्या ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “आजी शहाणी आहे. पण मुलींना हेही सांगा, सूज नसली म्हणजे धोका नाही असं नाही. बीपी मोजल्याशिवाय सुटका नाही.” हे दोन्ही आम्ही गटात लिहिलं. खाली आजीचं नाव आणि डॉक्टरबाईंचं नाव, दोन्ही.

मला वाटतं, मी त्या आठवड्यात पहिल्यांदा शिक्षिका झाले. आणि त्याच आठवड्यात पहिली तक्रार आली.

एका मुलीच्या वडिलांचा फोन होता. माणूस सरळ होता, उद्धट नव्हता. “म्याडम, तुमी शिकवत न्हाई म्हनं. पोरगी आजीला इचारती, आशाताईला इचारती. समदं गावालाच इचारायचं, तर मंग तुमी कशाला?”

मी म्हणाले, “दादा, तिनं कुणाला काय विचारायचं, हे शिकवायला मी.”

“ते काय कळंना बगा मला,” ते म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांना दोष देत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर शिक्षण म्हणजे फळ्यापाशी बोलणारी बाई, आणि मी बोलत नव्हते.

प्राचार्या मॅडमनी मला बोलावून घेतलं. माझ्याहून लहान, हुशार, कामाला वाघीण. त्यांच्या डोक्यावर ट्रस्टचं ओझं होतं, तपासणीचं होतं. त्या म्हणाल्या, “साळवे मॅडम, बाकीच्यांचे दोन-दोन युनिट पुढे गेलेत. तुमचं एका सखूबाईवर अडलंय.”

“ती बरी होत नाही तोवर कसं पुढे जायचं?” मी म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. “तपासणीला स्लाइड दाखवाव्या लागतात, तासांची नोंद दाखवावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गप्पा कशा दाखवू?”

“तशाच दाखवा. त्यात प्रत्येक मुलीचा प्रश्न आहे. स्लाइडमध्ये फक्त माझा आवाज होता.”

त्यांनी पुढच्या सोमवारपासून स्लाइड सुरू करायला सांगितलं. मी केल्या नाहीत. मग तो मेमो आला आणि त्यावर माझी ती एक ओळ गेली. ट्रस्टच्या सचिवांनी सुनावणी लावली.

सुनावणीच्या आधी एक गोष्ट घडली.

त्या वर्षी हंगामाला कोमलचे आईवडील टोळीबरोबर कृष्णाकाठच्या एका कारखान्यावर गेले. होस्टेल बंद, गावात घराला कुलूप, म्हणून कोमलही गेली. उसाच्या फडाजवळ टोळीच्या कोप्या होत्या, पाचटाच्या झोपड्या. दिवसा मोठी माणसं फडात जात, कोमल स्वयंपाक करी, लहान पोरं सांभाळी. कारखान्याचा भोंगा वाजायच्या आधी सकाळी तिथे रेंज चांगली येते, असं तिनं शोधून काढलं होतं. तेवढ्यात ती सखूबाईची चौकशी करून घेई.

एका सकाळी तिचा मला फोन आला. तिची चुलती त्याच टोळीत होती. आठवा महिना सुरू होता आणि ती रोज फडात जात होती. कोमल हळू आवाजात बोलत होती.

“मॅडम, काकूच्या बांगड्या रुतल्यात. काल रुतल्या नव्हत्या. आन् तोंड फुगल्यागत दिसतंय.”

“आणखी काय विचारलंस?”

“डोकं दोन दिस दुखतंय म्हनली. उन्हाचं आसंल म्हनून बोलली न्हाई. डोळ्यांपुढं काजवे चमकत्यात. वर, बरगडीखाली दुखतंय.”

ही सगळी धोक्याची लक्षणं होती. पण मी तिला काही सांगितलं नाही. म्हणजे सांगायची वेळच आली नाही. तीच म्हणाली, “मॅडम, मी न्हेते तिला. तुमी फक्त फोन चालू ठेवा.”

टोळीचा मुकादम खोडसाळ नव्हता, पण त्याला गाडी भरायची घाई होती. तो म्हणाला, “डोकं दुखतंय तर गोळी दे. रविवारी सुट्टीला न्हेऊ.” कोमलनं त्याला विचारलं, “रविवारपर्यंत काकूला झटका आला तर तिला कोन उचलनार, ते आत्ता सांगा.” मग त्यानं उसाची ट्रॅक्टरट्रॉली भरायची थांबवली आणि रिकामा ट्रॅक्टर दिला. चुलती आणि कोमल चाकावरच्या पत्र्यावर बसून जवळच्या ग्रामीण रुग्णालयात गेल्या.

तिथे ओपीडीत गर्दी होती. तिथल्या सिस्टरनी गरोदरपणाच्या नोंदीचं कार्ड मागितलं. कार्ड पाथर्डीच्या घरात, कुलपात. सिस्टर म्हणाल्या, “गरोदर बायकांची तपासणी परवा असते. परवा या, कार्ड घेऊन.” हे सगळं मी फोनवर ऐकत होते. मला वाटलं, आता मी बोलावं, सिस्टरना फोन द्यायला सांगावं, मी नर्सिंगची ट्यूटर आहे म्हणावं. मी तोंड उघडायच्या आत कोमलचा आवाज आला.

“सिस्टर, परवाच येते. फक्त बीपी तेवढं बघा. बघून न्हाई म्हना.”

सिस्टरनी बघितलं. एकशे सत्तरवर एकशे दहा. त्यानंतर तिथली माणसं झटून कामाला लागली, हे मी कबूल केलंच पाहिजे. झटके येऊ नयेत म्हणून द्यायचं इंजेक्शन लगेच दिलं, रुग्णवाहिका काढली, मोठ्या रुग्णालयात पोचवलं. त्याच दुपारी शस्त्रक्रिया झाली. चुलती वाचली. बाळ मात्र तिसऱ्या दिवशी गेलं.

चौथ्या दिवशी कोमलचा फोन आला. मी तिचं कौतुक करायच्या तयारीत होते. ती म्हणाली, “मॅडम, डोकं दोन दिसांपासून दुखत हुतं. मी रोज तिच्या शेजारी भाकरी थापत हुते. दोन दिस आधी इचारलं आसतं तर?”

मी म्हणाले, “माहीत नाही, कोमल.”

“मलाबी तेच वाटलं,” ती म्हणाली. “हे गटात सांगू नका मॅडम. काकूची गोष्ट हाय ती. केस न्हाई.”

मी सांगितलं नाही. आज इथे लिहिते आहे ते कोमलला वाचून दाखवून, तिच्या आणि तिच्या चुलतीच्या परवानगीनं. नावं बदलली आहेत.

सुनावणी त्यानंतरच्या आठवड्यात झाली. सचिवसाहेब आणि प्राचार्या मॅडम एका बाजूला, मी समोर. माझ्याकडे सांगण्यासारखी केवढी मोठी गोष्ट होती. ती सांगितली असती तर बहुतेक सगळं तिथेच मिटलं असतं. पण मुलीनं सांगू नका म्हटलं होतं. शिवाय ज्या घरात बाळ गेलं, ते घर माझ्या बचावासाठी मी वापरायचं, हे मला जमणारं नव्हतं.

सचिवसाहेबांनी माझा खुलासा हातात घेतला. “साळवे मॅडम, ‘तक्रार खरी आहे’ याचा अर्थ काय घ्यायचा?”

“लिहिलाय तोच. मी शिकवत नाही, हे खरं आहे. मुली शिकतात.”

“मग तुम्ही काय करता?”

“मी आजारी पडते. त्या मला बरं करतात.”

त्यांनी चष्मा काढला. “हा चेष्टेचा विषय नाही. पालकांनी मुली तुमच्याकडे उत्तरं शिकायला पाठवल्यात.”

“साहेब, मी याच वर्गाला एका औषधाची दसपट मात्रा सांगितली होती. सगळ्यांनी ती उत्तर म्हणून लिहून घेतली. तुमच्या घरातलं माणूस उद्या वॉर्डात असेल तेव्हा त्याच्या उशाशी यांतली कुठली मुलगी उभी असावी असं तुम्हाला वाटतं? लिहून घेणारी की विचारणारी?”

प्राचार्या मॅडम एकदम माझ्याकडे वळल्या. “तुम्ही चुकीची मात्रा सांगितलीत?”

“हो. आणि ते मी आत्ता सांगितल्याशिवाय तुम्हाला कळलंही नसतं. तुमच्या नोंदीत तो तास पूर्ण झालेला आहे.”

आता मागे वळून बघताना वाटतं, हे वाक्य मी जरा कमी धारेनं बोलायला हवं होतं. पण बोलले आणि त्याचा परिणाम झाला तो असा, की माझ्याकडून वर्ग काढून घेतला. मला ग्रंथालय आणि साहित्याच्या खोलीची जबाबदारी दिली. निवृत्तीपर्यंत मी पुतळ्यांवरची धूळ पुसावी, अशी योजना होती. आमच्याकडे सरावासाठी माणसाचे प्लास्टिकचे पुतळे असतात. त्यांना काही विचारलं तरी ते बोलत नाहीत. बहुतेक अधिकाऱ्यांना तसेच पेशंट आवडतात.

मी गट सोडला. हुकूम तसा होता. वाटलं, संपलं. पंधरा दिवसांनी ग्रंथालयात एक मुलगी पुस्तक बदलायला आली. नगर शहरातलीच होती. मी सहज विचारलं, “सखूबाईचं काय झालं?”

ती म्हणाली, “सखूबाई बाळंत झाली, मॅडम. आता बाबूराव आहेत, साखरेचे पेशंट. लई तापट आहेत. खोटं बोलतात, पथ्य पाळतो म्हणतात आणि जिलेबी खातात.”

“बाबूराव कोण होतं?”

“या आठवड्यात मी आहे. पुढच्या आठवड्यात कोमल.”

दिवसा स्लाइडचा तास भरत होता, मुली ‘येस मॅडम’ लिहीत होत्या, आणि नंतर गटात एकमेकींचे पेशंट होत होत्या. त्यांच्याकडून ते काढून घेण्याचा हुकूम कुणी काढला नाही, कारण कुणाला पत्ताच नव्हता. त्या दिवशी मी पुतळे फार आनंदानं पुसले.

वर्गाचा निकाल जगावेगळा वगैरे लागला नाही, हेही सांगून टाकते. दर वर्षी लागतो तसाच लागला. प्रश्न विचारता येतो की नाही, हे त्या परीक्षेत तपासत नाहीत. आता त्यातल्या कितीतरी मुली नोकरीला आहेत. त्यांच्या वॉर्डातले डॉक्टर कधीकधी वैतागतात, असं कानावर येतं. मला बरं वाटतं.

पण या सगळ्यात माझी एक चूक आहे आणि ती स्लाइडपेक्षा मोठी आहे.

वर्गात मनीषा नावाची मुलगी होती. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला तिचं गाव. वर्गात शांत असायची, पण नापास कधी नव्हती. गटात तिचा एकही प्रश्न आला नाही. सखूबाई होतीच, तिच्या जोडीला तापाचा पेशंट झाला, भाजलेली बाई झाली, मनीषा गप्प. मी दर आठवड्याच्या नोंदीत तिच्यापुढे गैरहजेरी लावली. शेवटी शेरा लिहिला, ‘विद्यार्थिनीला रस नाही.’ मग माझा वर्ग गेला. शाळा पुन्हा उघडली तेव्हा हजेरी कमी म्हणून तिचं नाव कमी केल्याचं मला तिच्या खोलीतल्या मुलीकडून कळलं. कशाच्या आधारावर, म्हणून मी कार्यालयात विचारलं. त्यांनी माझीच नोंद समोर ठेवली.

मी एसटीनं अकोले, राजूर करत गेले. शेवटचा टप्पा जीप आणि मग चाल. मनीषा अंगणात भात पाखडत होती. मला बघून ती सूप तसंच धरून उभी राहिली. मी विचारलं, “गटात काहीच का लिहिलं नाहीस?” ती आत गेली आणि दोनशे पानी वही घेऊन आली.

घरात एकच मोबाईल, भावाचा. तो धरणाखाली कामाला जाई. दर रविवारी येई तेव्हा मनीषा मोबाईल घेऊन डोंगराच्या सोंडेवर चढून जायची, तिथे रेंज यायची. आठवड्याभराचे सगळे प्रश्न आणि पेशंटची सगळी उत्तरं ती वहीत उतरवून घ्यायची. मग खाली येऊन स्वतःचे प्रश्न लिहायची, गावातल्या सुइणीला विचारायची, पुस्तकाशी ताडून बघायची. पुढच्या आठवड्यात पुन्हा वर जाई तोवर आमचा त्या आठवड्याचा पेशंट बरा होऊन गेलेला असायचा.

“उशिरा तरी टाकायचंस,” मी म्हणाले.

“सगळ्या पुढं गेलेल्या, मॅडम. मागचं विचारायला लाज वाटली.”

मी वही वाचली. भाजलेल्या बाईच्या पानावर तिनं लिहिलं होतं, ‘घरच्यांसमोर विचारलं तर ती स्टोव्ह भडकला म्हणेल. घरच्यांना पाणी आणायला पाठवून विचारायचं.’ अख्ख्या वर्गात हे कुणाला सुचलं नव्हतं. मला सुद्धा नाही. आणि मी हिला रस नाही असं लिहिलं होतं. वर्गाला चौकशी करायला शिकवणारी मी, मला एक फोन तिच्या भावाला करायचं सुचलं नाही.

मी तिला बरोबर घेऊन नगरला आले. प्राचार्या मॅडमसमोर वही आणि तिचा अर्ज ठेवला आणि म्हणाले, “शेरा माझा आहे, तो चूक आहे, मी तो लेखी मागे घेते. हिला परत घ्या.” आमचं बोलणं बंद होऊन तेव्हा बरेच महिने झाले होते. त्या म्हणाल्या, नियमात बसत नाही. मी म्हणाले, माझी चूक नियमात बसली, तशी हीही बसवा. त्या म्हणाल्या, ट्रस्टला विचारावं लागेल. मी म्हणाले, विचारा, मी इथेच बसते. आणि बसले. चहा आला, तो मी घेतला, पण उठले नाही.

त्यांनी मग वही उघडली. मधूनच दोन-तीन पानं वाचली. भाजलेल्या बाईच्या पानावर त्या जरा थांबल्या. वही मिटून त्यांनी मनीषाला विचारलं, “इतकं सगळं केलंस, मग रेंज नाही म्हणून शाळेला कळवायचं नाही का?”

मनीषा पायांकडे बघत उभी होती. तिनं मान वर केली आणि अगदी साधेपणानं विचारलं, “शाळा उघडी असते तेव्हा मोबाईल भावाकडं असतो. कशावरून कळवू, मॅडम?”

प्राचार्या मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी अर्ज पुढे ओढला आणि सही केली.